कितवा आलास?

ज्या घरात नातवंडं खेळतात आणि त्यांचे आईवडील पळतात, त्या घरात आजोबांची नेमणूक ड्रायव्हर, हमाल आणि फोटोग्राफर अशा तिन्ही पदांवर एकदमच होते. पगार नाही. शर्यत संपल्यावर एक केळं मिळतं, तेही पळणाऱ्यांना पुरून उरलं तर. मी बँकेतून निवृत्त झालो तेव्हा निरोप समारंभात साहेबांनी 'आता निवांत जगा' असा आशीर्वाद दिला होता. साहेबांना नातवंडं नव्हती, हे मला नंतर कळलं.

पुण्यात नोव्हेंबर ते जानेवारी हा पूर्वी लग्नांचा आणि सवाई गंधर्वचा मोसम असे. आता तो स्पर्धांचा मोसम आहे. शाळांच्या स्पर्धा, क्लबांच्या लीग, अकादम्यांचे चषक आणि दर रविवारी कुठली ना कुठली मॅरेथॉन. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 साली सुरू झाली, तेव्हा आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहून पळणाऱ्यांकडे बघायचो. आता रस्त्यावर इतके लोक पळतात की कडेला उभं राहायला माणूस मिळत नाही. म्हणून मला नेतात.

आमच्या घरी शनिवार-रविवारची सुरुवात शुक्रवारी रात्री फ्रिजवर कागद लागून होते. सूनबाई हिंजवडीत प्रोजेक्ट मॅनेजर आहेत. त्यांच्या तक्त्यात प्रत्येकाला एक रंग असतो. नातीला लाल, नातवाला निळा, चिरंजीवांना हिरवा. मला करडा. परवाच्या तक्त्यात शनिवारी सकाळी साडेसहाला नातवाचं फुटबॉल, अकराला नातीचा खो-खो, दुपारी रविवारच्या शर्यतीचं बिब आणायचं आणि रविवारी पहाटे चारला उठायचं, असा बेत होता. मधल्या एका चौकोनात 'जेवण (गाडीत)' असं लिहिलेलं होतं. त्या चौकोनाचा रंगही करडा होता, म्हणजे डबा सांभाळणं माझ्याकडे.

साडेसहा ही मॅचची वेळ नसते, तो 'रिपोर्टिंग टाइम' असतो. साडेसहाला मुलांनी हजर व्हायचं, सातला आयोजकांनी, आठला पंचांनी आणि नऊला उन्हाने. मग मॅच सुरू होते. तोवर मुलांच्या जन्मदाखल्याच्या मूळ प्रती तपासल्या जातात. तरी समोरच्या संघात एक मुलगा असा निघतोच की ज्याला बघून आपल्या बाजूचे सगळे बाप म्हणतात, "हा दहा वर्षांखालचा? ह्याला मिसरूड फुटलंय!" क्रिकेट मंडळ मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय तपासतं, ही माहिती मला अशाच एका बापाने दिली. त्याचा स्वतःचा मुलगा पाठीमागे उभा राहून बुटाची नाडी बांधून द्या म्हणत होता.

दहा वर्षांखालच्या फुटबॉलमध्ये बचाव, मधली फळी, आक्रमण वगैरे सगळं फक्त प्रशिक्षकांच्या पाटीवर असतं. मैदानावर चेंडू हा एकच पक्ष असतो आणि सगळे त्याच्यामागे. गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशी दोन्ही संघांची पोरं चेंडूला लागलेली असतात. चेंडू सरकला की तो घोळका सरकतो. आमचा नातू या गर्दीत नसतो, कारण तो गोलकीपर आहे. गोलकीपर का, तर जर्सी वेगळ्या रंगाची मिळते. परवा खेळ ऐन रंगात असताना लोहगावच्या विमानतळावरून सुखोई उडालं. आमच्या गोलरक्षकाने मान वर केली, कपाळावर हात आडवा धरला आणि विमान दिसेनासं होईपर्यंत त्याची पाहणी केली. त्या अवधीत त्याच्या डाव्या बाजूने एक गोल झाला. मुलाने मागे वळून जाळीतला चेंडू पाहिला आणि जवळच्या बचावपटूला सांगितलं, "सुखोई थर्टी होतं!" बचावपटूही वरच बघत होता. त्याने मान डोलावली.

या सगळ्यात घाम कोणाला फुटला होता? चिरंजीवांना. रेषेबाहेर उभे राहून ते "मार्क कर! मार्क कर! अरे स्पेस बघ!" असं ओरडत होते. लहानपणी या गृहस्थांना मैदानावर पाठवायचं तर मला घराला कुलूप लावून किल्ली खिशात घालावी लागे. त्यांच्या डावीकडे एक बाप पूर्ण सामना मोबाइलमध्ये टिपत होता, घरी जाऊन मुलाला चुका दाखवायला. उजवीकडे एक आई "बेटा, फोकस!" एवढे दोनच शब्द वेगवेगळ्या पट्टीत म्हणत होती. पलीकडे एकजण हिशेब मांडत होता की जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय, म्हणजे दहावीला खेळाचे वाढीव गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण. मुलगा नऊ वर्षांचा. तो त्या क्षणी गवतातले रबराचे काळे दाणे गोळा करून मित्राच्या मोज्यात भरत होता.

हे काळे दाणे म्हणजे टर्फ फुटबॉलची आमच्या घराला मिळालेली देणगी. ते बुटातून निघतात, मोज्यातून निघतात, अंथरुणात सापडतात. परवा तर पोह्यात एक सापडला. आमची ही म्हणाली, मोहरी आहे. मोहरी चावली जाते.

शेवटी सामना 5-0 असा संपला. शून्य आमचे. कोणीतरी सुस्कारा टाकून सचिन-विनोदचा विषय काढला. मुलांच्या कुठल्याही पराभवानंतर पालकांत हा विषय निघतो. 1988 मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या त्या दोन मुलांनी 664 धावांची नाबाद भागीदारी केली, विनोद नाबाद 349 आणि सचिन नाबाद 326. खरं आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक बापाला हे आकडे पाठ आहेत. पण त्या 664 धावा अडवायला सेंट झेवियर्सची अकरा मुलं उन्हात धावत होती, त्यांचा विषय कोणी काढत नाही. त्यांच्याही घरी त्या संध्याकाळी कोणीतरी 'कसा झाला सामना?' असं विचारलं असेलच ना? आपली मुलं बहुधा त्या अकरांतली असतात. बाकी सगळी भाषणं मात्र उरलेल्या दोघांसाठी तयार केलेली असतात.

परतीच्या वाटेवर गाडीत सामन्याचं विश्लेषण झालं. चांदणी चौकापासून कर्वे रस्त्यापर्यंत चिरंजीवांनी पाचही गोल एकेक करून समजावून सांगितले. तिसऱ्या गोलापाशी सिग्नल लागला म्हणून तो जरा सविस्तर झाला. नातू खिडकीबाहेर बघत होता. बोलणं संपल्याची खात्री झाल्यावर त्याने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "आजोबा, वडापाव घ्यायचा?" त्याचा पराभव तिथे संपला. त्याच्या बापाचा रात्री उशिरापर्यंत चालू होता, ग्रुपवर.

खो-खोच्या मैदानावर मात्र चित्र पालटलं. खो-खो हा आमच्या पेठेतला खेळ. 1914 साली डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधले. त्यानंतर कितीतरी वर्षं तो मराठी शाळांच्या मातीत खेळला गेला आणि इंग्रजी शाळांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोघांनीही अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, महिलांची प्रियंका इंगळे. दोघेही महाराष्ट्राचे. त्यानंतर नातीच्या शाळेत एकदम मॅट आली, बूट आले आणि 'खो-खो कोच' आले.

इथे चिरंजीव गप्प होते, कारण त्यांना नियम माहीत नव्हते. पण ही सांगलीची. सांगलीच्या शाळेत ही खो-खो खेळलेली, आणि ते आमच्या लग्नाच्या बोलण्यात कोणी सांगितलं नव्हतं. गुडघ्याला पट्टा, हातात थालीपिठांचा डबा, अशा थाटात ही खुर्चीवर बसली होती. समोरच्या संघातली एक मुलगी खो मिळायच्या आधी चौकोनातून अर्धी उठली. पंचांनी शिट्टी वाजवली नाही. त्याबरोबर ही उभी राहिली.

"अहो पंच! खो मिळायच्या आधी उठली ती! फाऊल द्या!"

"आजी, खाली बसा."

"मी बसते. तिलाही बसायला सांगा!"

सगळं मैदान हसलं. पंच पोरगेलासा होता, त्यानेही हसू दाबलं. पुढच्या वेळी मात्र त्याचा डोळा त्या मुलीवर होता आणि शिट्टी वाजली. मग हिने डबा उघडला आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात विचारलं, "कोणाला दही हवंय का?"

नात संरक्षणाला तिसऱ्या तुकडीत उतरली. खांबाला वळसा घालताना तिने अशी काही हुलकावणी दिली की पाठलाग करणारी मुलगी सरळ पुढे निघून गेली. पाठलाग करणारीला मागे फिरता येत नाही, पळणारीला येतं, म्हणून हा खेळ बघताना जीव नेहमी पळणारीत अडकतो. दुसऱ्या खांबापाशी मात्र एका ठेंगण्या मुलीने पूर्ण अंग झोकून सूर मारला आणि तिच्या दोन बोटांची टोकं नातीच्या टाचेला लागली. सामना आमच्या मुलींनी एका गुणाने गमावला. पाच मिनिटं सगळ्या गळ्यात गळे घालून रडल्या. सहाव्या मिनिटाला मी पाहिलं तर आमची नात आणि ती सूर मारणारी मुलगी पायरीवर शेजारी बसून एकाच पाकिटातली चिक्की खात होत्या आणि ती मुलगी आपलं सोललेलं कोपर कौतुकाने दाखवत होती.

बिब आणायला गेलो तिथे भली मोठी रांग होती. बिब म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद. त्याच्या पाठीला वेळ मोजणारी चिप चिकटवलेली असते. सोबत टी-शर्ट मिळतो. तो सगळ्या मापांत असतो, आपलं माप सोडून. मंडपात बूट विकणाऱ्याचा स्टॉल होता आणि त्याला लागूनच गुडघ्याच्या डॉक्टरांचा. इतकी प्रामाणिक मांडणी मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिलेली नाही.

रात्री घरात भाताला मान मिळाला. एरवी वर्षभर भाताला दारात उभं न करणाऱ्या सूनबाई त्या रात्री दोनदा भात घेतात आणि नवऱ्यालाही वाढतात, कारण पळायला पिष्टमय पदार्थांची शिदोरी लागते. जेवणानंतर उद्याचे कपडे पलंगावर माणसाच्या आकारात मांडले जातात. वर टोपी, मग टी-शर्ट, त्यावर बिब, खाली चड्डी, मोजे, बूट. मग त्याचा फोटो काढून टाकायचा. ही सहज खोलीत डोकावली आणि दचकून म्हणाली, "अगंबाई! माणूस कुठे गेला?" बिब लावायला चार सेफ्टी पिना लागतात आणि ऐन वेळी घरात एकही सापडत नाही. सूनबाईंनी कपाटं उचकली, चिरंजीवांनी ऑनलाइन मागवता येतात का ते पाहिलं. हिने शांतपणे मनगटावरच्या बांगडीतून एकेक करून आठ पिना काढून टेबलावर ठेवल्या. दोन्ही बिबं भागली, वर एक पिन बांगडीत शिल्लक राहिली.

रविवारी पहाटे अंधारात आणि थंडीत हजारो माणसं झुंबाच्या तालावर उड्या मारत होती. पळून दमायचं आहे तर आधी नाचून का दमतात, हे कोडं मला सुटलेलं नाही. सूनबाई अर्ध्या मॅरेथॉनला, चिरंजीव दहा किलोमीटरला. पूर्ण मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची. हे वरचे 195 मीटर कुठून आले? 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर संपली. ते अंतर 26 मैल 385 यार्ड भरलं आणि 1921 मध्ये तेच कायमचं ठरलं. थोडक्यात, प्रेक्षकांच्या सोयीने शर्यत आखायची प्रथा जुनी आहे. 1908 नंतर मात्र प्रेक्षकांची सोय कोणी पाहिलेली दिसत नाही. रस्ते बंद, गाडी दोन किलोमीटर लांब, आणि आमची बैठक आठव्या किलोमीटरला एका बंद दुकानाच्या पायरीवर.

या पायरीवरून जे दिसतं ते मात्र बघण्यासारखं असतं. आधी हरणासारखी पाय न टेकता जाणारी मंडळी जातात, त्यांच्याकडे बघेपर्यंत ती गेलेली असतात. मग झेंडे पाठीला लावून ठरलेल्या वेगाने धावणारे पेसर आणि त्यांच्यामागे भाबडा जमाव. आणि मग आपले लोक. पोटं सावरत, मोबाइल सावरत, एकमेकांना 'चला, चला' म्हणत. कडेला उभी पोरं प्रत्येकाला "थोडंच राहिलं, काका!" असं सांगतात. चौथ्या किलोमीटरलाही थोडंच राहिलेलं असतं आणि नवव्यालाही. या असत्याचं पाप कोणाला लागत नसावं.

चिरंजीव दिसले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि ते चालत होते. मला बघताच पळू लागले. कोपऱ्यापर्यंत. मी "मार्क कर! स्पेस बघ!" असं ओरडणार होतो, पण हिने माझ्या हातावर चापट मारली आणि त्याच्या हातात लिंबू-मीठ दिलं. "हळूहळू ये रे बाळा," म्हणाली, "कोणी पाठी लागलेलं नाही." सदतिसाव्या वर्षी त्या शब्दांनी त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते शनिवारी त्याच्या मुलाला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

शर्यत संपली. सगळ्यांना पदकं मिळाली. पहिल्याला, शेवटच्याला आणि चालत आलेल्यांनाही, सारखीच आणि चांगली वजनदार. मग मिसळीच्या टेबलावर पदकं गळ्यात ठेवूनच मंडळी बसली. सगळे खूश. मोबाइलवर निकालही आला. चिरंजीवांनी तो पाहिला, पटकन खिशात ठेवला आणि तर्रीची वाटी पुढे ओढली. नातवाने पदक उलटंसुलटं करून पाहिलं.

"बाबा, तू कितवा आलास?"

"अरे, इथे असं नसतं राजा. इथे आपली स्पर्धा फक्त स्वतःशी असते."

नातवाने विचार केला. तोंडातला पाव संपवला.

"मग काल माझी कोणाशी होती?"

टेबलावर एकदम शांतता पसरली. सूनबाईंनी पाणी प्यायलं. ही माझ्याकडे बघून हसली. चिरंजीवांनी मुलाच्या ताटात आपल्या वाटणीची जिलबी ठेवली. आमच्या घरात चूक कबूल करण्याची हीच रूढ पद्धत आहे.

मुलाचा प्रश्न मात्र जिलबीने सुटणारा नाही. आपण मोठी माणसं चाळिशीच्या आसपास पळायला लागतो तेव्हा स्वतःसाठी किती उदार नियम करून घेतो! नंबर विचारायचा नाही, दमलं तर चालायचं, संपवलं की पदक, रस्त्यावर अनोळखी पोरांनी टाळ्या वाजवायच्या. आणि नऊ वर्षांच्या मुलाने मात्र विमानाकडे बघितलं की गोल गेला.

नंबराला किंमत नाही असं नव्हे. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरला नंबराची किंमत विचारा. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत ती धावली, दहावी आली. आणि दहावी आली म्हणून महाराष्ट्राने मान ताठ केली, कारण पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय होती. बारामतीच्या लता करे साठी ओलांडल्यावर नऊवारी नेसून शर्यतीत धावल्या, नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून. त्यांना पहिलं येणं भाग होतं आणि त्या पहिल्या आल्या. ज्यांचं पोट, ज्यांचं आयुष्य शर्यतीवर अवलंबून आहे त्यांनी नंबरासाठी पळावं. त्यांच्या पायात ती ताकदही असते. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या, दूध पिऊन आलेल्या पोराला आत्ता फक्त खेळायचं आहे. त्यातला एखादा पुढे मोठा खेळाडू होईलही. तो बापाच्या ओरडण्यामुळे होणार नाही, एवढं मी स्टॅम्पपेपरवर लिहून देतो.

म्हणून तमाम पालकांना एका करड्या रंगाच्या आजोबाची विनंती आहे. शनिवारी रेषेबाहेरून ओरडायचं असेल तर रविवारी एकदा तरी छातीवर बिब लावून पळून या. दहा नको, तीन किलोमीटर पुरे. धाप लागली, पाय वळले आणि कोणी तरी कडेने 'अरे स्पेस बघ!' म्हणालं तर कसं वाटतं ते कळेल. आणि मुलगा मैदानातून बाहेर आला की 'कितवा आलास' विचारण्याआधी 'भूक लागली का' हे विचारा. त्याचं उत्तर दर वेळी 'हो' असतं, आणि त्यावर कुठलंही विश्लेषण करावं लागत नाही.